‘वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर’ला काय म्हणावं? ‘कामाची विभागणी’ चालत नाहीये

लेखणी:
बांधकामावरच्या सुपरवायझरांसाठी एक प्रशिक्षण पुस्तिका मराठीत करते आहे. ‘वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर’ (डब्ल्यूबीएस) म्हणजे अख्खा प्रकल्प वर आणि त्याचे भाग, उपभाग खाली, अशी चौकटींची झाडासारखी आकृती. तिला ‘कामाची विभागणी’ असं लिहीत सातव्या प्रकरणापर्यंत आले आणि तिथे अडले. मूळ वाक्याचा अर्थ असा, की ही रचना म्हणजे करायच्या कृतींची यादी नव्हे आणि कोण काय करणार याचा तक्ताही नव्हे. माझ्या मराठीत ते झालं, ‘कामाची विभागणी म्हणजे कामांची यादी नव्हे, आणि कोणी कोणतं काम करायचं हेही नव्हे.’ मग ती आहे तरी काय, असं वाचणारा विचारणारच. ‘विभागणी’ म्हटलं की माणसं डोळ्यासमोर येतात, कामं वाटून दिल्यासारखी. ‘कार्य विभाजन संरचना’ सुचवू नका, साइटवर ते कोणी उच्चारणार नाही.

शब्दमूळ:
साधा शब्द आहे की, ‘फोड’. खर्चाची फोड, संधीची फोड, तशी कामाची फोड. मूळ संस्कृत ‘स्फुट्’, फुटणे. त्यातूनच ‘स्फोट’ आणि त्यातूनच ‘फोड’. फक्त लिंग सांभाळा. ती फोड म्हणजे तुकडा, तो फोड म्हणजे अंगावर येतो तो.

ओळंबा:
लेखणीताई, तुमची अडचण ‘विभागणी’त कमी आणि ‘काम’मध्ये जास्त आहे. पंचवीस वर्षं पूल बांधतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीत ‘काम’ दोन अर्थांनी चालतं. ‘काम चालू आहे’ म्हणजे श्रम. ‘काय सुंदर काम आहे’ म्हणजे झालेली वस्तू. ‘बांधकाम’ तर दोन्ही आहे, बांधण्याची क्रिया आणि बांधलेली वास्तू. डब्ल्यूबीएसमधलं ‘वर्क’ हे दुसऱ्या अर्थाचं आहे. कष्ट नव्हे, कष्टाचं फळ. म्हणून त्या चौकटींत नामं लिहायची, क्रियापदं नाहीत. पूल, त्याखाली पाया, खांब, वरचा गाळा. खांबाखाली खांब १, खांब २. ‘लोखंड बांधणे’, ‘काँक्रीट ओतणे’ या कृती सर्वांत खालच्या चौकटीच्या पोटात, म्हणजे वेळापत्रकात येतात.

हे न कळल्यामुळे काय होतं ते भोगलंय. एका कामावर नियोजनवाल्याने झाडाच्या पहिल्याच पातळीवर ‘खोदाई’, ‘सेंट्रिंग’, ‘काँक्रीट’ लिहिलं. तीन महिन्यांनी वरून विचारणा झाली, तिसरा खांब किती झाला आणि त्यावर किती खर्च आला? कोणालाच सांगता येईना, कारण तिसऱ्या खांबाचे पैसे तीन फांद्यांत विखुरलेले. काम नीट चाललं होतं, हिशेब मात्र हातात नव्हता. शेवटी आम्ही दोघांनी रात्री बसून सगळ्या नोंदी खांबवार लावल्या.

दरसूची:
ओळंबा, तुमच्या त्या नियोजनवाल्याची बाजू घेते. अंदाजपत्रक करणाऱ्या आम्हा लोकांची फोड तशीच असते. गवंडीकाम, सुतारकाम, लोखंडकाम, रंगकाम. भाषेनेच हे जोडशब्द तयार ठेवलेत, मग मराठी माणूस कारागिरीप्रमाणेच फोड करणार. आणि ती चूक नाही. उत्तर अमेरिकेत मास्टरफॉरमॅट नावाचं वर्गीकरण आहे, तेही कामाच्या प्रकारावर आणि साहित्यावर चालतं. २००४ साली त्याचे १६ विभाग वाढून ५० झाले. इमारतीच्या भागांप्रमाणे फोड करायची तर युनिफॉरमॅट वेगळं आहे. दोन्ही लागतात. खरेदी एकाने होते, प्रगती दुसऱ्याने मोजली जाते.

ओळंबा:
दोन्ही लागतात हे मान्य. पण मुख्य झाड एकच हवं आणि ते वस्तूचं हवं. कारागिरी त्याला संकेतांक म्हणून जोडा.

गुण्या:
‘उतरंड’ का नको? पातळी दाखवणारा अस्सल शब्द आहे. ‘कामाची उतरंड’. माझ्या मते तो ‘उतरती हंडी’वरून आला असावा.

शब्दमूळ:
‘उतरती हंडी’ ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. व्युत्पत्ती राहू द्या, चित्र बघा. उतरंडीत सर्वांत मोठं मडकं तळाशी आणि सर्वांत लहान वर. डब्ल्यूबीएसमध्ये अख्खा प्रकल्प वर आणि तुकडे खाली. म्हणजे उतरंड पालथी होते. शिवाय उतरंडीतलं वरचं मडकं खालच्यावर टेकलेलं असतं, त्यातून निघालेलं नसतं.

गुण्या:
‘अधिकाऱ्यांची उतरंड’ म्हणताना मोठा साहेब वरच असतो ना? तिथे कोणी मडकी मोजत नाही. वापराने अर्थ बदलला, तो मान्य करायला हवा. भाषा मुळांवर नाही, बोलणाऱ्यांवर चालते.

शब्दमूळ:
अधिकाऱ्यांच्या उतरंडीत दर्जा आहे, भाग नाहीत. शिपाई हा साहेबाचा तुकडा नसतो. इथे मात्र खालच्या सगळ्या चौकटी मिळून वरची चौकट तंतोतंत भरली पाहिजे. शंभर टक्के, कमी नाही आणि जास्तही नाही. या रचनेचा प्राणच तो आहे. तो ‘फोड’ शब्दात आहे, कारण फोडी परत जुळवल्या की फळ पुरं होतं. उतरंडीत तो नाही. वापराच्या नावाखाली एवढा अर्थ सांडू द्यायचा का?

नवखी:
शंभर टक्क्यांत तात्पुरत्या गोष्टी धरतात का? पूल झाल्यावर सेंट्रिंग तर काढून नेतात. ते ‘फळा’चा भाग नाही.

ओळंबा:
फार मोलाचा प्रश्न. धरायच्याच. वळणरस्ता, तात्पुरते आधार, भारचाचण्या, प्रत्यक्ष जसं बांधलं गेलं तसं दाखवणारे, शेवटी द्यायचे नकाशे आणि स्वतः प्रकल्प व्यवस्थापन, या सगळ्याला चौकट हवी. राहून जातं ते हेच, कारण पूर्ण झालेल्या पुलाकडे बघून ते दिसत नाही. म्हणून ‘फळाच्या फोडी’ ही उपमा इथे तोकडी पडते, शब्दमूळ.

दरसूची:
जुन्या कागदपत्रांत ‘बाब’ आहे. बाब, पोटबाब. पोटकलम, पोटनियमसारखं. साइटवर सगळ्यांना कळतं.

ओळंबा:
‘बाब’ म्हणजे दर लावायची ओळ. आणि ‘पोटकाम’ म्हणाल तर लोक पोटठेकेदाराचं काम समजतील.

गुण्या:
मग इंग्रजीच ठेवा. हा शब्द आपल्याकडे घडलेला नाही. पोलारिस क्षेपणास्त्राच्या वेळच्या ‘पर्ट’ या वेळापत्रक आखण्याच्या पद्धतीतून ही कल्पना आली, १९६२ मध्ये अमेरिकेचं संरक्षण खातं आणि नासा यांच्या मार्गदर्शिकेत ती नीट मांडली गेली आणि १९६८ मध्ये तिचं लष्करी मानक झालं. ‘सेंट्रिंग’ घेतलं तसं ‘डब्ल्यूबीएस’ घ्या.

शब्दमूळ:
‘सेंट्रिंग’ हाताने पकडता येतं, म्हणून ते रुजलं. ‘डब्ल्यूबीएस’ ही विचार करण्याची रीत आहे. तिला परकं नाव राहिलं तर रीतही परकी राहते, आणि मग पहिल्या पातळीवर ‘खोदाई’ लिहिली जाते. मला हे मनापासून वाटतं.

नवखी:
साइटवर ‘ब्रेकडाउन’ म्हणजे यंत्र बंद पडणं, हेही आहेच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ‘ब्रेकडाउन पाठवा’ असा निरोप आला आणि मी क्रेनच्या दुरुस्तीची नोंद पाठवली होती.

लेखणी:
सर्वांचे आभार. सध्या ‘कामाची फोड’ लिहिते आहे, पण ‘स्ट्रक्चर’ उरतंच. ‘आकृतिबंध’ लिहिणार होते, मग आठवलं की सरकारी मराठीत तो मंजूर पदांचा असतो. म्हणजे पुन्हा माणसंच आली. आणि सर्वांत खालच्या ‘वर्क पॅकेज’ला काय म्हणू? पुस्तिकेत ते साधारण ८ ते ८० तासांच्या श्रमाचं असावं असा ठोकताळा दिलाय.

दरसूची:
‘कामगठ्ठा’?

शब्दमूळ:
गठ्ठा बांधतात. इथे आपण फोडत आलोय. शेवटचा तुकडा ‘गठ्ठा’ कसा होईल?

गुण्या:
का नाही? मजूर, साहित्य, पैसा, वेळ तिथेच तर एकत्र बांधतो आपण. पण उतरंडीचं राहिलंच. शब्दमूळ, ‘पालथी उतरंड’ असा प्रयोग कुठे वाचलाय का कोणी?