चार डिपार्टमेंटच्या एका कामावर नावं चार टाकायची की एकच?

अंबडप्लॅनिंग

मी नाशिकच्या अंबडला एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत प्लॅनिंगला आहे, गाड्यांचे छोटे पार्ट करतो आम्ही, सव्वाशे माणसं. गेल्या वर्षी साहेबांनी ठरवलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कामं द्यायची बंद, सगळं मायक्रोसॉफ्ट प्लॅनर या कामं वाटायच्या सॉफ्टवेअरवर घ्यायचं. मला बरंच वाटलं होतं कारण ग्रुपवर सणाच्या शुभेच्छांच्या ढिगाखाली तातडीची कामं गाडली जायची. आता आठ महिने वापरून माझं मत पक्कं झालंय की दोन-चार डिपार्टमेंटचं मिळून जे काम असतं त्यावर नाव एकाचंच पाहिजे. मदतीला बाकी कितीही जण असू देत.

का ते सांगतो. मार्चमध्ये चाकणच्या कस्टमरची कम्प्लेंट आली, एका क्लिपच्या कडेला फ्लॅश, म्हणजे प्लास्टिकची जादा पातळ कड, येतोय, असेंब्लीत बसत नाही. क्वालिटीने टास्क उघडला आणि त्यावर चौघांना टाकलं, क्वालिटी, टूलरूम (मोल्ड दुरुस्त करणारे), प्रॉडक्शन, स्टोअर. स्टोअरवाल्याने त्याच दिवशी स्टॉक अडवला, खोक्यांना लाल टॅग लावले, आपलं काम झालं म्हणून टिक केली. प्लॅनरमध्ये टास्कवर नावं चार असली तरी पूर्ण झाल्याची टिक एकच असते, एकाने केली की ते काम सगळ्यांचंच झालं असं धरतं. टूलरूमच्या यादीतून गेलं, प्रॉडक्शनच्याही गेलं. टूलरूमवाल्याला वाटलं मिटलं असेल, क्वालिटीला वाटलं टूल म्हणजे मोल्ड मशीनवरून उतरवला असेल. खराब क्लिपची पिशवी टूलरूमच्या खिळ्याला लटकलेली, वर मार्करने ‘अर्जंट’ लिहिलेलं, आणि तिच्यापासून वीस फुटांवर तोच मोल्ड त्याच कॅव्हिटीत, म्हणजे साच्याच्या त्याच खाचेत, नऊ दिवस माल काढत होता.

मग आम्ही तिघं चाकणला गेलो, तीन दिवस कस्टमरच्या शेडमध्ये बसून एकेका क्लिपच्या कडेवरून अंगठा फिरवून सॉर्टिंग केलं. अंगठ्याची कातडी सोलली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा तर चार घरचा होता. तुमच्याकडे कसं करता?

टूलरूमवाला

दादा तुमचा त्रास समजतो, पण एकच नाव टाका म्हणणारे नेहमी प्लॅनिंगचे नाहीतर ऑफिसमधले असतात. ते एकच नाव कुणाचं असतं? जो नाही म्हणू शकत नाही त्याचं. मी सातपूरला टूलरूमला सोळा वर्षं काढलीत. मोल्ड दुरुस्तीचा टास्क माझ्या नावावर, पण स्टील आणायचं परचेसने, मशीन द्यायचं प्रॉडक्शनने, ट्रायलची वेळ प्लॅनिंगने. यातलं एकही माझ्या हातात नाही आणि लाल मात्र माझंच नाव होतं. इन्क्रिमेंटच्या वेळी साहेबांनी स्क्रीन फिरवून दाखवली, यांचे अकरा टास्क ओव्हरड्यू. अकरापैकी सात स्टीलसाठी अडलेले, ते कुठे दिसतं त्या स्क्रीनवर? चार नावं असली की निदान चौघांना तरी विचारतात. जबाबदारी एकाची आणि अधिकार तिसऱ्याचाच, यात मरतो तो खालचा माणूस.

आवकजावक

मी सरकारी नोकरीतून निवृत्त, कुठलं खातं ते सोडा. आमच्याकडे कॉम्प्युटर येण्याच्या आधी आवक-जावक रजिस्टर होतं आणि तुम्ही ज्यावर वाद घालताय ते त्यात सुटलेलं होतं. फाईल एका वेळी एकाच टेबलावर असते. कुणाला मार्क झाली, कोणत्या तारखेला, घेतल्याची सही कुणाची, सगळं एका ओळीत. साहेबांनी विचारलं फाईल कुठाय तर शिपाईसुद्धा दोन मिनिटांत सांगायचा. पुढच्या टेबलाने सही केल्याशिवाय माझ्या नावावरून ती उतरायची नाही. ही सही फार महत्त्वाची बरं का. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काम दिलं की दिलं, समोरच्याने घेतलं का याची नोंदच नाही, मग खिळ्याला पिशवी लटकणारच. एका नावाच्या बाजूने माझं मत.

दिंडोरीपॅकहाऊस

काका, आदर ठेवून सांगते, फाईल टेबलावर थांबली तरी सडत नाही, आमची द्राक्षं सडतात. मी एक्स्पोर्टच्या डॉक्युमेंटेशनला आहे. एक कंटेनर म्हणजे आमच्यासाठी एक काम, पण त्यात खरेदीवाले, क्वालिटी, पॅकिंग, कोल्ड स्टोअर, डॉक्युमेंट आणि गाडीवाले असे सहा जण एकाच वेळी धावत असतात. प्लॉटची ग्रेपनेटवरची (एक्स्पोर्टच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदणी आणि रेसिड्यूचा, म्हणजे औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट बघायचा, इकडे प्री-कूलिंग चालू, तिकडे अ‍ॅगमार्क आणि फायटोची (कीड-रोग नसल्याच्या दाखल्याची) कागदं, तोवर रीफर म्हणजे थंड कंटेनर दारात. हे एकामागे एक टेबलावरून फिरवलं तर न्हावाशेवाला जहाज निघून जाईल.

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री दोनला स्टफिंग, म्हणजे कंटेनर भरणं, चालू असताना कळलं की फायटोच्या अर्जात पेट्या २४०० आणि पॅकिंग लिस्टवर २३८८, बारा पेट्या क्वालिटीने शेवटच्या क्षणी काढल्या होत्या. कंटेनरचा टास्क ज्यांच्या एकट्याच्या नावावर होता ते दिवसभर काम करून झोपलेले, फोन बंद. रात्रपाळीच्या मुलाला तो टास्क दिसतच नव्हता कारण त्याचं नाव त्यावर नाही. शेवटी त्याने मला उठवलं, मी पिंपळगावहून गाडी काढून गेले. तेव्हापासून आम्ही सहाही जणांची नावं टाकतो, ज्याला दिसेल त्याने उचलायचं. सीझनमध्ये एका नावावर सगळं टांगणं धोक्याचं आहे.

कॉलेजरोडकोडर

मी आयटीत आहे, दोन्ही प्रकारची टूल्स वापरलीत. हा वाद सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही मिटवलेला नाही. असानात एका टास्कला एकच असायनी (ज्याच्या नावावर काम तो), ते त्यांनी मुद्दाम ठेवलंय, बाकीचे कोलॅबरेटर. जिरातही असायनी एकच, इतरांनी वॉचर व्हायचं. ट्रेलोच्या कार्डावर मात्र हवी तेवढी माणसं चिकटवा. आणि जिरावाल्या अ‍ॅटलासियननेच २०१७ मध्ये ट्रेलो विकत घेतलं, म्हणजे एकच कंपनी दोन्ही मतं विकतेय.

पॅकहाऊसवाल्या ताईंचा प्रॉब्लेम नावाचा नाही, दिसण्याचा आहे. दिसायला सगळ्यांना पाहिजे, नाव एकाचं. असानात एकच टास्क दोन-तीन प्रोजेक्टमध्ये ठेवता येतो, कॉपी होत नाही, क्वालिटीच्या बोर्डवर बदल केला की टूलरूमच्याही बोर्डवर तोच दिसतो. आणि अंबडच्या दादांनी चौघांना एका टास्कवर टाकण्यापेक्षा चार टास्क करायला हवे होते. प्लॅनरच्या साध्या प्लॅनमध्ये चेकलिस्टच्या ओळींना वेगळं नाव लावता येत नाही, त्यामुळे चेकलिस्टवर भागत नाही.

टूलरूमवाला

चार टास्क केले की चौघं आपापला हिरवा करून मोकळे, क्लिप मात्र तशीच खराब. हे पण बघितलंय मी. स्टोअरचं हिरवं, परचेसचं हिरवं, सगळ्यांचं काम झालं आणि कस्टमरचं झालंच नाही.

गोदाकाठ

थोडं विषय सोडून. बारभाई म्हटलं की आपण गोंधळ समजतो, पण १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाल्यावर ज्या मंडळींनी एकत्र येऊन राघोबादादांना बाजूला सारलं आणि तान्ह्या सवाई माधवरावाच्या नावाने राज्य सांभाळलं तेच हे बारभाई. राघोबादादांचा वाडा आपल्या आनंदवल्लीला होता, सातपूरला जाणाऱ्यांनी गंगापूर रोडने जाताना आठवण काढावी. सांगायचं एवढंच की अनेकांनी मिळून केलेलं काम बुडतंच असं नाही, उद्देश एक असला तर ते तरतं.

अंबडप्लॅनिंग

गोदाकाठ, चांगली आठवण काढलीत, पण बारभाईंचा कारभार शेवटी कुणाच्या हातात गेला? नाना फडणीसांच्याच ना. उद्देश सगळ्यांचा एक असेल, पण विचारायचं कुणाला हे पुढे सगळ्यांना माहीत होतं.

ताई, तुमची रात्री दोनची गोष्ट वाचून मी एक गोष्ट मान्य करतो. नाव एकच हवं म्हणजे एकाच माणसाचं कायम हवं असं नाही. पाळी बदलली की नावही बदललं पाहिजे. आमच्या मोल्डिंगच्या ऑपरेटर लोकांत हे आहेच, पहिल्या पाळीचा सेटर दुसऱ्या पाळीच्या सेटरला मशीनजवळ उभं राहून सांगतो, नोझल गरम होत नाहीये, तीन नंबर कॅव्हिटी बंद ठेवलीय, मगच बस पकडायला जातो. पण ऑफिसच्या टास्कला असा चार्ज द्यायची पद्धतच नाही. सहा नावं टाकून ताईंचा प्रश्न एका रात्री सुटला असेल, पण ज्या रात्री सहाही जणांना वाटेल की दुसऱ्याने बघितलं, त्या रात्रीचं काय?

टूलरूमवाल्या दादांना माझ्याकडे उत्तर नाही. सात टास्क स्टीलसाठी अडले आणि लाल त्यांचं नाव, हे चूकच आहे.

दिंडोरीपॅकहाऊस

हो, ती रात्र पण येऊन गेलीय खरं सांगायचं तर. लॉगर बसवायचा राहिला होता एका कंटेनरमध्ये, सहाही नावं होती त्यावर. नशीब दार सील व्हायच्या आधी गाडीवाल्यानेच विचारलं, तापमानाचं यंत्र कुठाय म्हणून. पाळीप्रमाणे नाव बदलायचं हे पटतंय मला, पण बदलणार कोण? ज्याची पाळी संपली तो थकलेला असतो, त्याला घरी जायचं असतं.

क्वालिटीवाली

वीस वर्षं क्वालिटीला आहे, आता सिन्नरला. टूलरूमवाले भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच कारखान्यात पडलेलं आहे, फक्त आपण ते कस्टमरला पाठवायच्या कागदापुरतं वापरतो. ८डी रिपोर्ट आठवा, कम्प्लेंट सोडवायचे आठ टप्पे. फोर्डने १९८७ मध्ये ती पद्धत पुस्तिकेच्या रूपात आणली आणि आज ऑटोमधला जवळपास प्रत्येक व्हेंडर ती भरतो. पहिल्या टप्प्यात, डी१ मध्येच टीम लिहायची असते, म्हणजे वेगवेगळ्या डिपार्टमेंटची माणसं, इथवर चार नाववाले बरोबर. पण त्याच जागी टीम लीडर वेगळा आणि चॅम्पियन वेगळा. लीडर काम पुढे ढकलणारा. चॅम्पियन म्हणजे ज्याच्या शब्दाने परचेसही हलतो आणि प्रॉडक्शनही मशीन थांबवतं. आणि खाली प्रत्येक अ‍ॅक्शनसमोर एकच नाव, एकच तारीख.

आमच्याकडे चॅम्पियनचा रकाना कसा भरतात माहितीये? प्लांट हेडचं नाव टाइप करून ठेवलेलंच असतं टेम्प्लेटमध्ये, त्यांना पत्ता नसतो की या महिन्यात ते कितीचे चॅम्पियन आहेत. मी या जानेवारीपासून एक केलं. कम्प्लेंटचा मोठा टास्क लीडरच्या नावावर, पण जो अडलेला असेल तो टास्क अडलाय त्याच दिवशी ज्याच्यामुळे अडलाय त्याच्या नावावर फिरवायचा. स्टील नाही? टास्क परचेसकडे. परचेस म्हणतं पेमेंट अडलंय? अकाउंट्सकडे. लाल व्हायचं तर जिथे अडलंय तिथेच होईल. पहिले दोन आठवडे खूप भांडणं झाली, परचेसच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सुनावलं की तुम्ही आमच्यावर काम ढकलता. मी म्हटलं काम नाही ढकलत साहेब, ते जिथे आहे तिथे दाखवतेय.

आवकजावक काकांचं सहीचं म्हणणं मात्र मला नीट जमलेलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरला स्वीकारलं असं बटण नाही. मी सांगितलंय की घेतलं तर खाली कमेंटमध्ये ‘घेतलं’ आणि तारीख लिहा. निम्मे लिहितात.

टूलरूमवाला

ताई, अडलं तिथे नाव फिरवायचं हे आमच्याकडे कुणी केलं असतं तर माझी ती इन्क्रिमेंट गेली नसती. आता माझा एक हट्ट त्यात घाला. तारीख देणाऱ्याने टाकायची नाही, घेणाऱ्याने टाकायची. मोल्डला किती दिवस लागतील हे मोल्ड उघडून बघितल्यावर कळतं, प्लॅनिंगने सोमवारी सकाळी मिटिंगमध्ये बुधवार टाकला तर तो बुधवार त्यांचा आहे, माझा नाही. मी स्वतः गुरुवार लिहिला असेल आणि चुकला तर खुशाल लाल करा, मी कबूल करीन.

आवकजावक

हेच सहीचं काम. तारीख घेणाऱ्याने आपल्या हाताने लिहिली की वेगळ्या बटणाची गरज नाही, तारीख आली म्हणजे घेतलं.

क्वालिटीवाली

काका, हे सुचलंच नव्हतं. तारीख रिकामी ठेवूनच टास्क पाठवायचा, आणि ज्याची तारीख रिकामी तो अजून माझ्याच नावावर. म्हणजे मलाच मागे लागावं लागेल तारीख भरेपर्यंत.

कॉलेजरोडकोडर

तारीख रिकामी असलेले टास्क फिल्टर करता येतात, नो डेट असा पर्याय असतो प्लॅनरमध्ये. रोज सकाळी तेवढीच यादी उघडायची.

अंबडप्लॅनिंग

मिटिंगमध्ये बुधवार टाकणारा मीच असतो. या सोमवारी टूलरूमचे तीन टास्क आहेत, तिन्ही बिनतारखेचे पाठवतो आणि दुपारच्या चहाला स्वतः टूलरूममध्ये जाऊन उभा राहतो. ती पिशवी अजून तिथेच खिळ्याला आहे, येताना घेऊन येईन.