‘राहणार: फिरस्ता’ – हा कुठला पत्ता?

मूळ प्रश्न (सायनहून)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुलाखाली झोपणाऱ्या एका माणसाच्या पायावर गेल्या महिन्यात लादी पडली. तो मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी काम करतो. मी त्याला घेऊन दवाखान्यात गेले, तर केसपेपरवर पत्त्याच्या जागी कारकुनाने लिहिलं ‘फिरस्ता’. म्हटलं, अहो, हा अकरा वर्षं एकाच खांबाशी झोपतोय, हा कुठे फिरतोय? ते म्हणाले, “पत्ता नसला की हेच लिहितात.” तेव्हापासून हा शब्द मला टोचतोय. आमच्या लहानपणी फिरस्ता म्हणजे गावोगाव हिंडणारा, चार मुलखांच्या गोष्टी सांगणारा माणूस. मग या माणसाला मराठीत म्हणायचं तरी काय?

प्रतिसाद (माटुंग्याहून)

ताई, फिरणे, फिरती, फिरस्ती, फिरस्ता हे सगळं एकच कूळ. पण ‘साहेब फिरतीवर आहेत’ यात मान आहे, कारण साहेबांना परत यायला ठिकाण असतं. पोलिसांच्या कागदांतून आणि पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांतून ‘रा. फिरस्ता’ सर्रास दिसतं. ‘रा.’ म्हणजे राहणार. त्याच्यापुढे गाव यावं, गल्ली यावी. इथे माणसाचंच विशेषण आलंय. व्याकरणाच्या दृष्टीनेही ते चूक आहे आणि ती चूक कुणाला खटकत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

प्रतिसाद (परळहून)

मी वकिली करतो, म्हणून कायद्यातली भाषा सांगतो. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मध्ये भीक मागण्याच्या व्याख्येत हात पसरणं तर आहेच. शिवाय उपजीविकेचं उघड साधन न दिसता, भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणं किंवा नुसतं थांबणंही आहे. रात्रपाळी करून मळक्या कपड्यांत फूटपाथवर आडवा झालेला हमाल या व्याख्येत सहज बसतो. काम करतो हे त्यानेच पटवून द्यायचं. नाही पटलं, तर पहिल्याच खेपेला १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती.

आणि १९८१ विसरू नका. भर पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फूटपाथवरच्या लोकांना उठवून त्यांच्या ‘मूळ गावी’ पाठवायचं जाहीर केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने मान्य केलं की ही माणसं कामाच्या जवळ म्हणून तिथे राहतात आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तरीही पावसाळा संपल्यावर हटवायला मुभा दिलीच. या लोकांचं ठिकाण मुंबई नसून दुसरीकडे कुठेतरी आहे हे सरकारने तेव्हाही गृहीत धरलं होतं. ‘फिरस्ता’ लिहिणाराही तेच गृहीत धरतो.

प्रतिसाद (भायखळ्याहून)

जनगणनेत ‘बेघर’ म्हणतात. २०११ ची ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. फूटपाथ, पुलाखाली, जिन्याखाली, ह्यूम पाइपात, फलाटावर जे सापडले ते बेघर. मुंबईत सुमारे ५७ हजार भरले.

मी स्वतः फूटपाथवर वाढलो. आमच्यात बेघर कोणी म्हणत नसे. चार बांबू, निळी ताडपत्री, पाण्याचे दोन कॅन, याला आई ‘घर’ म्हणायची. धुण्याभांड्याला जाताना बजावायची, “घर सांभाळ, कुठे जाऊ नको.” गाडी आली की गल्लीभर ओरड व्हायची, “तोडायला आले!” कागदावर त्याला ‘अतिक्रमण निर्मूलन’ म्हणतात हे मला शाळेत गेल्यावर कळलं. एकदा ताडपत्रीबरोबर माझं दप्तरही गाडीत गेलं. आई दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून ते मागायला गेली, मिळालं नाही. ज्यांच्याकडे ती काम करायची त्यांना ती पत्ता सांगायची ‘स्टेशनजवळ’. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की शब्द निवडण्याआधी त्या माणसाला विचारा.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, विचारलं. ड्रेसिंगला पुन्हा गेलो तेव्हा पत्ता दुरुस्त करून घ्यावा म्हणून मी पुलाचं नाव सांगायला लागले, तर त्यानेच माझा हात धरला. “ताई, पूल नका लिहू. उद्या तिथेच येतील उठवायला.” याचा मी विचारच केला नव्हता. ‘फिरस्ता’ शब्दाच्या आडोशाला तो लपूनही होता.

मग काय लिहू म्हणून विचारलं. तो रोज सकाळी सातला ज्या नाक्यावर कामासाठी उभा राहतो त्या नाक्याचं नाव त्याने सांगितलं. म्हणाला, मिस्त्री लोक मला तिथेच शोधतात. ‘फिरस्ता’ खोडून कारकुनाने ते लिहिलं, पुढे ‘नाका कामगार’ असंही घातलं.