माणूस खरा, सातबारा खरा, तरी फॉर्म म्हणतो ‘अवैध माहिती’ : तुमचे अनुभव सांगा

आर्णीकर (धागाकर्ता)

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या सभासद नोंदणीचं एक वेब ॲप्लिकेशन मी सांभाळतो. नुसत्या शिव्या नकोत. नेमकं कुठं अडलं, कसं सापडलं आणि काय बदललं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. ईमेल ऐच्छिक होता. तरी बिनईमेलचा पहिला शेतकरी चढला की दुसरा चढेना. ‘डुप्लिकेट एंट्री’, एरर १०६२. ईमेलच्या रकान्यावर युनिकचं (तेच मूल्य दोनदा चालणार नाही असं) बंधन होतं आणि फॉर्म रिकामी जागा ‘नल’ (माहितीच नाही) म्हणून न पाठवता रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर) म्हणून पाठवत होता. मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसच्या लेखी नल कितीही चालतात, रिकामी स्ट्रिंग मात्र एकच. सेव्ह करण्याआधी रिकाम्याचं नल केलं, भागलं.

सेतूवाला

काय सांगू राजेहो, आमच्याकडं मोबाइल नंबरालेच युनिक लावून ठेवलं होतं. बाप, दोन पोरं आन् म्हातारी, चौघांचे सातबारे अलग, फोन घरात एकच. दुसऱ्याची नोंद होयेच ना. मंग लोक काय करत, तर शेवटचा आकडा बदलून टाकत. नोंद हिरवी झाली, पण ओटीपी कोन्या अनोळखी मानसाले जाऊन राहिला! लाल एरर होता तवा बरं होतं, निदान दिसत तरी होता. आता नंबर कितीही खातेदारांले चालते, फक्त ‘हा फोन कोनाचा’ हे इचारतो.

दर्यापूरकर

माझं दुखणं एक्सेल. जमिनीच्या गट क्रमांकांची यादी एक्सेलमध्ये उघडून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल) केली आणि चढवली. १४५/३ सारखे गट सुखरूप. ५/२ चा मात्र पाच फेब्रुवारी झाला. त्यात एका संगणकावर तारखेची पद्धत अमेरिकी होती, तिथं त्याच गटाचा दोन मे झाला. म्हणजे महिन्यावरून उलटं जावं तरी ५/२ की २/५, कळायला मार्ग नाही. शेवटी मूळ सातबारे काढून बसावं लागलं. आता रकाना आधी टेक्स्ट करायचा, मगच यादी चिकटवायची. डेटाबेसातही गट क्रमांक मजकूर म्हणूनच, कारण ४५/२/ब ला आकडा कोण म्हणेल?

क्षेत्राचं त्याहून वाईट, कारण तिथं एररच येत नाही. एक हेक्टर पाच आर लोक १.५ लिहितात. सिस्टीम ते एक हेक्टर पन्नास आर समजते आणि मुकाट्यानं घेते. पीकपेऱ्याचं क्षेत्र खात्याच्या क्षेत्राशी ताडून पाहिलं तेव्हा उघड झालं. आता हेक्टर आणि आर असे दोन वेगळे चौकोन, आरचा चौकोन ० ते ९९. दशांश चिन्हच ठेवलं नाही. (एकरात सांगणाऱ्यांचं काय करायचं, हा वेगळा धागा होईल. एक एकर म्हणजे ४०.४७ आर, पण बोलताना सगळे चाळीसच धरतात.)

वर्धेकडचा

आमच्या फॉर्ममध्ये कमल चढायची आणि कमला अडायची. नावात ‘फक्त अक्षरे’ तपासणारा रेजेक्स (मजकूर ताडायचा साचा) युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या कोडयादीचा, अक्षरगट पाहायचा, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे त्या गटात नाहीत. त्यांचा चिन्हगट वेगळा. चाचणी करणाऱ्यानं नेमकं ‘गगन’ टाकून पाहिलं असावं. चिन्हगट जोडला, प्रश्न मिटला.

आडनाव ‘वऱ्हाडे’ मात्र चिवट निघालं. स्क्रीनवर दोन्हीकडं तेच, शोधलं तर ‘नोंद नाही’. बाइट्स काढून पाहिले. एका नोंदीत ऱ चा स्वतःचा कोड होता. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढं झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. कीबोर्ड वेगळे, एवढंच. एनएफसी नॉर्मलायझेशननं (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची युनिकोडची पद्धत) हे जुळत नाही, जॉइनर तसाच राहतो. सेव्ह आणि शोध, दोन्हींच्या आधी आम्ही दुसरं रूप पहिल्यात बदलतो. वऱ्हाडातच वऱ्हाडे सापडू नये म्हणजे कमाल आहे.

कापूसकोंड्या

जिनिंगच्या आवक नोंदीत कापसाचा ओलावा १२ टक्क्यांवर टाकला की सेव्ह होत नव्हतं. ओल्या दिवसांतही सगळ्या गाड्या बरोब्बर १२! खरेदीचा नियम नोंदीच्या फॉर्मात कोंबला की असंच होणार. आता मोजलेला आकडा घेतो, वर गेला तर पिवळी सूचना देतो. खरेदी करायची की नाही ते ग्रेडर ठरवेल.

सेतूवाला

आयएफएससीचं, म्हंजे बँकेच्या शाखेच्या कोडचं, राहिलंच. ११ चिन्हं, पाचवं शून्य. लोक तिथं इंग्रजी ओ टाकतात. पाचव्या जागी ओ दिसला का आमचा फॉर्म सोताच शून्य करते. पन देना बँक १ एप्रिल २०१९ ले बँक ऑफ बडोदात गेली, तिचे जुने कोड अजून पासबुकावर हायेत. दिसाले एकदम बरोबर, तपासणीत पास, आन् पैसे वापस. तुमी कोडची चालू यादी कुठून घेता?

आर्णीकर

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. ती उतरवून वेगळ्या टेबलात ठेवा, आणि यादी बदलली की जुन्या नोंदीही पुन्हा तपासा.