मदत हवी आहे: घरकामासाठी कॉर्डलेस ड्रिल, १२ व्होल्ट की १८?

सांगलीत घरच्या वापरासाठी कॉर्डलेस ड्रिल घ्यायचं आहे, बजेट साडेपाच हजार. काम म्हणजे प्लायवूडला स्क्रू, बिजागऱ्या, पडद्यांचे ब्रॅकेट आणि विटांच्या भिंतीत ६ व ८ मिमीची भोकं. लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या तुळईच्या) काँक्रीटसाठी वायरवाली एसडीएस हॅमर, म्हणजे जोरदार ठोके देत भोक पाडणारं मशीन, भाड्याने आणणार. कॉर्डलेसचा इम्पॅक्ट मोड म्हणजे दातेरी चकत्यांचा खडखडाट. खडी लागली की बिटचं टोक तापतं आणि भोक सरकतं.

'२१ व्होल्ट' लिहिलेल्या मशीनला भुलत नाही. बॅटरीतले पाच सेल फुल चार्जला ४.२ प्रमाणे २१ भरतात, चालताना ते १८च. '४८ व्होल्ट'वाल्यांबद्दल तर बोलायलाच नको!

अडलंय ते इथे: १२ व्होल्टचं मशीन हलकं, पण बहुतेकांचा चक (बिट पकडणारा जबडा) १० मिमीचा. वरच्या कामाला तेवढं पुरेल का? २ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) एक बॅटरी घ्यावी की दीड एएचच्या दोन? आणि मुख्य म्हणजे, दोन-तीन वर्षांनी सुटी बॅटरी गणपती पेठेत कुठल्या कंपनीची सहज मिळते? बिननावाच्या ऑनलाइन मशीनचं घोडं तिथेच अडतं. किंमत सांगाल ती बॅटरी-चार्जरसकट सांगा, नुसत्या बॉडीची नको.