सीआरझेड: भरतीरेषेपासून ५० मीटर की २००? जुनं घर पुन्हा बांधायचंय, मदत हवी आहे

मंडळी, सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांतलं कुणी जाणकार असेल तर सांगा.

आमचं मूळ घर रायगड जिल्ह्यात, समुद्रालगतच्या वाडीत. चिऱ्याचं, कौलारू. घरपट्टी १९९१ च्या आधीपासून भरतोय. मागची भिंत खाऱ्या वाऱ्याने पोखरली आहे, बोट लावलं की चिऱ्याचा भुगा गळतो. पाडून त्याच जोत्यावर, तेवढंच बांधायचं आहे. ग्रामपंचायतीचं उत्तर एका वाक्याचं: "सीआरझेडमध्ये येतं, होणार नाही." लेखी मागितलं की हात वर. तालुक्याला म्हणाले, "मंत्रालयाचा विषय." मुंबईतलं की दिल्लीतलं, ते आपण ओळखायचं!

वाचून एवढं कळलं: नियम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन मुख्य अधिसूचना. २०१९ मध्ये ग्रामीण भागाचे दोन गट पडले. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर ना-विकास क्षेत्र (जिथे नवं बांधकाम करता येत नाही) भरतीरेषेपासून ५० मीटर, नाहीतर २००. आमची वाडी दाटीवाटीची आहे, पण गावाच्या हद्दीत डोंगर आणि भातशेतीही येते. सगळं धरून सरासरी काढली तर आम्ही विरळ वस्तीचे ठरणार. मग आम्ही कुठल्या गटात?

दुसरं, सीआरझेडच्या आराखड्याचा नकाशा १:२५,००० चा. म्हणजे एक मिलिमीटरला २५ मीटर. ५० मीटरचा पट्टा त्यावर जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणजे आमचं अख्खं घर पेन्सिलच्या रेघेखाली. यावर कोण निर्णय देणार?

प्रतिसाद

गट तुम्ही हिशोब करून ठरवायचा नाही, मंजूर किनारपट्टी आराखड्यात गावाला काय दाखवलंय ते पाहायचं. ५० मीटरची सवलत तो आराखडा २०१९ नुसार मंजूर असेल तरच मिळते. घरासाठी १:४,००० चा, जमिनीच्या गट क्रमांकांनुसारचा नकाशा मागा. भरतीरेषा चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारपट्टी व्यवस्थापन केंद्राने आखलेलीच धरतात. ओल्या वाळूपासून मोबाईलवर मोजलेलं अंतर चालत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र ५० की २०० याने फार फरक पडू नये. ना-विकास क्षेत्रातही अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती-पुनर्बांधणी चालते, अट एवढीच की जोतं, चटईक्षेत्र आणि घनता वाढता कामा नये. वरचा मजला मनात असेल तर आत्ताच काढून टाका. सगळी मेख "अधिकृत" मध्ये आहे. नुसत्या घरपट्टीच्या पावतीने बांधकाम अधिकृत ठरत नाही. नमुना ८ चे (ग्रामपंचायतीच्या घर-आकारणी नोंदीचे) जुने उतारे, गावठाणाचा नकाशा, असेल तर जुनी परवानगी गोळा करा. मग ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी "होणार नाही" वर अपील करता येत नाही.

धागाकर्ता

आभार! घर गावठाणाच्या हद्दीत आहे, पण परवानगीचा कागद घरात सापडत नाही. त्या काळी वाडीत कुणी घेतलीच नसावी. अशा वेळी अधिकृतपणा कोणाला, कसा सिद्ध करता आला? कुणी यातून गेलं असेल तर कळवा.