स्कॉटचा स्क्रूज

डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' या कंजूष स्क्रूजच्या गोष्टीवरच्या सिनेमांबद्दल वर कुणीतरी म्हटलंय, १९५१चा कृष्णधवल 'स्क्रूज'च खरा, टीव्हीवरचे सगळे पाणचट. नाही पटलं. १९८४चा जॉर्ज सी. स्कॉटवाला टीव्हीसाठीच काढलेला, पण दिग्दर्शक कोण? क्लाइव्ह डोनर, म्हणजे १९५१च्याच सिनेमाचा संकलक. घरचाच माणूस की! स्कॉटचा स्क्रूज नुसता किरकिऱ्या म्हातारा नाही, मुरलेला सावकार वाटतो. आणि त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लेचं भूत हनुवटीला बांधलेलं फडकं सोडतं, तेव्हा जबडा जो खाली लोंबतो... रात्री एकट्याने बघू नका. चित्रीकरण इंग्लंडातल्या श्रूजबरीचं. तिथे सेंट चॅड्स चर्चच्या आवारात सिनेमासाठी कोरलेली स्क्रूजच्या नावाची शिळा चित्रीकरणानंतरही तशीच राहिली, लोक मुद्दाम बघायला जायचे; २०२४मध्ये मात्र कुणीतरी ती फोडली.