वाळलेला गाळ म्हणजे सुरक्षित गाळ नव्हे

‘महिनाभर उन्हात वाळवला की मैलागाळ (संडासाच्या टाकीतला किंवा सांडपाण्याचा गाळ) शेतात घालायला हरकत नाही’ असा सल्ला वाचला, त्याची मला काळजी वाटते. वास गेला, गाळ भुसभुशीत झाला तरी माणसाच्या पोटात होणाऱ्या गोल जंतांची अंडी जिवंत असू शकतात. जाड कवचामुळे ती मातीत काही वर्षंही टिकतात. त्यांना मारते ती उष्णता. अमेरिकेच्या १९९३च्या नियमांत मैलागाळाचं लांब ढिगांत कंपोस्ट करताना ५५ अंश सेल्सिअस किमान १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ सांगितली आहे. ही उलथापालथ कृपया टाळू नका. ढिगाची बाहेरची बाजू थंडच राहते आणि अंडी नेमकी तिथे वाचतात. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून रोज नोंद ठेवा. कच्च्या खायच्या गाजर-मुळ्याला, कोथिंबिरीला मात्र नुसता वाळवलेला गाळ नकोच.